वाटणीपत्रात न लिहिलेली खिडकी

पेठेतील जुन्या घराचे चित्र बहुतेक वाचकांच्या डोळ्यांसमोर सहज उभे राहील. रस्त्याच्या अंगाला दुकान, त्यामागे चौक, चौकाच्या एका बाजूस मालाचे कोठार, दुसऱ्या बाजूस राहते घर. आजोबांनी बांधलेल्या अशा एखाद्या घराचे दोन मुलांत दोन हिस्से होतात. उत्तरेकडील राहते घर थोरल्याला, दक्षिणेकडील कोठार आणि त्यालगतच्या खोल्या धाकट्याला. थोरल्याचे स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर. त्याच्या दोन खिडक्या कोठाराच्या छपरावरून दक्षिणेकडे उघडणाऱ्या. वर्षानुवर्षे त्या खिडक्यांतून ओट्यावर ऊन येते. त्या उन्हात धान्य निवडले जाते, भाजी पाहून चिरली जाते, आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण दिव्याच्या बटणाला हात न लावता उरकते.

मग धाकट्याच्या मुलाचे लग्न ठरते. जागा अपुरी पडते. कोठारावर दोन मजले चढवण्याचा नकाशा नगरपालिकेकडून मंजूर होऊन येतो आणि दिवाळीनंतर काम सुरू होते. वीटकाम खिडकीच्या तळाशी येऊन टेकेपर्यंत दोन्ही घरांत कोणी काही बोलत नाही. एके दिवशी थोरल्या जाऊबाई म्हणतात, “अगं, भर दुपारी ओट्यावर दिवा लावावा लागेल आता.” धाकटी उत्तरते, “ताई, भिंत आमच्याच हद्दीत उठतेय ना? आणि परवानगीही काढलीय रीतसर.”

दोघींच्याही बोलण्यात तथ्य आहे. अशा वेळी जो वाद पेटतो, तो एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी नसतो. दोन खऱ्या गरजा एकाच भिंतीपाशी येऊन भिडलेल्या असतात. म्हणूनच तो चिघळतो.

‘माझ्या हद्दीत मी काहीही बांधीन’ हे वाक्य आपल्या समाजात इतक्या ठामपणे बोलले जाते, की त्यामागे कायदा असावा असा भास होतो. प्रत्यक्षात १८८२ सालचा भारतीय सुविधाधिकार कायदा याहून वेगळे सांगतो. मुंबई इलाख्यास तो १८९१ मध्ये लागू झाला आणि आजही तोच चालतो. बोलीभाषेत ज्याला वहिवाटीचा हक्क म्हणतात, त्याचेच हे शास्त्रशुद्ध रूप. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्याची वाट, त्याच्या अंगणातून वाहणारे पन्हाळीचे पाणी, तसाच त्याच्या जागेवरून आपल्या खिडकीत येणारा उजेड. या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार एखाद्या इमारतीत उजेड किंवा हवा सलग २० वर्षे शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता येत राहिली, तर तो मार्ग शेजाऱ्याला पुढे बंद करता येत नाही.

या एका वाक्यातील प्रत्येक शब्दाला वजन आहे. ‘इमारतीत’ म्हणजे खिडकीत, झरोक्यात, दारात. मोकळ्या प्लॉटवर पडणाऱ्या उजेडाचा किंवा वाऱ्याचा हक्क वहिवाटीने मिळत नाही, हे १७ वे कलम स्पष्ट करते. अंगणातील तुळशीवर सावली आली म्हणून दावा दाखल करणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. ‘हक्क म्हणून’ म्हणजे मेहरबानीने नव्हे. शेजाऱ्याशी लेखी करार करून, ‘तुमची गरज लागेपर्यंत’ अशा अटीवर खिडकी काढली असेल, तर ती ५० वर्षे उघडी राहिली तरी हक्क जन्माला येत नाही. आणि ‘खंड न पडता’ या शब्दांत तर पुष्कळांचा घात दडलेला आहे. समोर अडथळा उभा राहिला, तो कोणी केला हे ठाऊक झाले, आणि तरीही वर्षभर त्याला मान तुकवली, तर २० वर्षांची साखळी तुटते. शिवाय ही २० वर्षे दावा दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपणारी असावी लागतात. ‘बघू, पर्युषणानंतर बोलू, दिवाळीनंतर बोलू’ असे म्हणत भिडस्तपणे गप्प राहणारा सज्जन माणूस कायद्याच्या दृष्टीने आपला हक्क हातचा घालवीत असतो.

उजेडाच्या हक्काची ही कल्पना मूळची इंग्लंडची. तेथे १८३२ च्या कायद्याने २० वर्षांची मुदत ठरवली. त्याच्याही आधी, १६१० मध्ये ऑल्ड्रेड नावाच्या माणसाच्या दाव्यात डुकरांच्या गोठ्याच्या दुर्गंधीबरोबरच उजेड आणि हवा यांचीही चर्चा झाली होती. स्वच्छ हवा आणि उजेड यांना संरक्षण आहे, मात्र खिडकीतून दिसणाऱ्या सुंदर देखाव्याला नाही, हा त्यातील भेद आजही टिकून आहे. लंडनच्या जुन्या भागात काही खिडक्यांखाली ‘प्राचीन उजेड’ अशा अर्थाच्या लहान पाट्या अजून दिसतात. या खिडकीचा हक्क पिकलेला आहे, समोर भिंत बांधण्यापूर्वी विचार करा, एवढेच त्या पाटीचे सांगणे.

इंग्रजांना उजेडाचे एवढे अप्रूप का, याचे उत्तर आकाशात आहे. डिसेंबरच्या अखेरीस लंडनमध्ये भर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो. १० फुटांच्या भिंतीची सावली ३७ फूट लांब पडते. पुण्याच्या अक्षांशावर त्याच दिवशी सूर्य ४८ अंशांवर असतो आणि तेवढ्याच भिंतीची सावली ९ फुटांवर थांबते. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असताना, ती साडेतीन फुटांहूनही कमी. याचा व्यावहारिक अर्थ असा, की दोन घरांमध्ये चार फुटांचा बोळ ठेवला तर दक्षिणेच्या खिडकीत मार्चमधील दुपारचे ऊन येईल, परंतु थंडीच्या दिवसांत, जेव्हा उबेची आणि उजेडाची गरज अधिक आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास, तेव्हा ते येणार नाही. ‘बोळ सोडला आहे की’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. व्यापाऱ्याच्या घरात त्रैराशिक कोणाला शिकवावे लागत नाही.

आपल्या वाड्यांना शेजाऱ्याच्या कृपेची फारशी गरज नव्हती, कारण त्यांचा उजेड त्यांच्या पोटात होता. मधला चौक म्हणजे घराचे स्वतःचे आकाश. बाहेरच्या भिंती बंद असल्या तरी सोपा, माजघर, स्वयंपाकघर चौकातून उजळत असे. वाटणीत सर्वांत आधी बळी जातो तो हा चौक. त्याचे दोन तुकडे होतात, मधे भिंत येते, मग पत्रा, मग स्लॅब. एका कुटुंबाचे आकाश गेले की दोन्ही कुटुंबे शेजाऱ्याच्या छपरावरून येणाऱ्या उजेडावर अवलंबून राहतात. आणि शेजारी म्हणजे तर सख्खा भाऊच.

येथे कायद्याचे एक कमी ज्ञात, पण आपल्या समाजाला सर्वांत उपयोगी पडणारे कलम आहे. परक्या शेजाऱ्याविरुद्ध २० वर्षे मोजावी लागतात. एकत्र मिळकतीची वाटणी होते तेव्हा तसे नाही. १३ व्या कलमानुसार, वाटणीच्या वेळी एका हिश्श्याच्या उपभोगासाठी दुसऱ्या हिश्श्यावरून येणारी सोय उघड दिसणारी, अखंड चालणारी आणि आवश्यक असेल, तर तो हक्क वाटणीच्या दिवसापासूनच मिळतो. खिडकीतून येणारा उजेड ही ‘अखंड’ सोय असल्याचे उदाहरण खुद्द कायद्यानेच पाचव्या कलमाखाली दिले आहे. खिडकी तर सर्वांना दिसतेच. तेव्हा आजोबांच्या घरातील थोरल्याच्या स्वयंपाकघराला, खिडकी आवश्यक असल्याचे दाखवता आले तर, २० वर्षे थांबण्याचे कारण नाही.

मात्र त्याच कलमात एक पळवाट आहे: ‘वेगळा हेतू व्यक्त झालेला नसेल तर’. आणि हा वेगळा हेतू आपली वाटणीपत्रे नकळत व्यक्त करून मोकळी होतात. ‘सदर हिश्श्यावर दुसऱ्या हिश्शेदाराचा कोणत्याही प्रकारचा हक्क, हितसंबंध अथवा वहिवाट राहिलेली नाही’ अशा धाटणीचे वाक्य किती दस्तांत पाठोपाठ उतरवलेले असते! लिहिणाऱ्याच्या मनात पैशाचा आणि मालकीचा विचार असतो. खिडकीचा विचार कोणाच्याच मनात नसतो. पंधरा वर्षांनी भिंत उठते, दावा लागतो, आणि समोरच्या पक्षाचे वकील नेमके याच वाक्यावर बोट ठेवतात. दस्तात चतुःसीमा असतात, चौरस फूट असतात, दुकानाच्या गुडविलचा आणि तिजोरीतील चांदीचाही उल्लेख असतो. खिडक्या मात्र नसतात. हे सगळ्यांत खेदाचे, कारण वाटणीच्या टेबलाशी बसलेले असताना भाऊ अजून एकमेकांशी बोलत असतात. एका ओळीचे काम तेव्हा पाच मिनिटांचे असते.

हक्क आहे असे धरले, तरी थोडी सावली आली म्हणून भिंत पाडता येत नाही. ३३ वे कलम ‘भरीव नुकसान’ मागते. उजेड कमी झाल्याने राहणाऱ्याच्या शारीरिक सुखसोयीस खरोखर बाधा आली, किंवा त्या जागेत चालत आलेला व्यवसाय पूर्वीसारखा लाभदायकपणे करता येईनासा झाला, तर ते भरीव ठरते. व्यापारी कुटुंबांनी यातील दुसरा भाग लक्षात ठेवावा. कापडाचा रंग जुळवताना गिऱ्हाईक ताका घेऊन दाराशी उजेडात जाते. धान्याचा वा कडधान्याचा नमुना तळहातावर घेऊन उजेडातच पाहिला जातो. सराफाच्या पेढीवरही हाच प्रकार. अशा दुकानाचा मागचा झरोका बुजला, तर तो केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही.

‘भरीव’ म्हणजे किती, याचा गाजलेला निकाल १९०४ मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहाने दिला, आणि तोही एका चहा-किराणा व्यापारी कंपनीच्या दाव्यात. लंडनमधील वर्शिप स्ट्रीटवर ‘होम अँड कलोनियल स्टोअर्स’चे कार्यालय होते, समोर कॉल्स नावाच्या गृहस्थांची नवी इमारत उठत होती. कंपनीचे म्हणणे, आमचा उजेड घटेल. न्यायमूर्तींनी विचारले, उजेड किती गेला हा प्रश्नच नव्हे. उरलेला उजेड सामान्य माणसाच्या समजुतीनुसार सुखाने वापरण्यास पुरेसा आहे का? कंपनी हरली. पुढे तिकडील तज्ज्ञांनी टेबलाच्या उंचीवरून खोलीच्या निम्म्या भागात पुरेसे आकाश दिसते का, हे मोजण्याची रीत बसवली. याचा अर्थ कायद्याचा उजेड म्हणजे थेट ऊन नव्हे. आकाशाचा पसरलेला प्रकाश. ओट्यावरचे ऊन गेले, पण खोली उजळलेली राहिली, तर न्यायालयातून समाधान मिळणे अवघड. ही मर्यादा ज्याला आधीच कळते, तो वकिलाच्या पायऱ्या चढण्यापूर्वी भावाच्या पायऱ्या चढतो.

उलट टोकाचाही दाखला आहे. इंग्लंडमधील लीड्स शहरात एका विकासकाने इमारतीवर दोन मजले वाढवले. शेजारच्या इमारतीच्या उजेडाचा प्रश्न ठाऊक असूनही काम पुढे रेटले. २०१० मध्ये न्यायालयाने नुकसानभरपाईवर भागवून घेण्यास नकार दिला आणि वाढवलेल्या भागाचा काही हिस्सा काढून टाकण्याचा हुकूम केला, तोही इमारत पूर्ण झाल्यावर. ‘आधी बांधून टाकू, मग पैसे देऊन मिटवू’ हा हिशेब प्रत्येक वेळी बरोबर येत नाही.

नगरपालिकेची मंजुरी म्हणजे सर्व दारे उघडी, हा समजही येथेच दुरुस्त करावा लागेल. बाजूचे अंतर, उंची, चटई क्षेत्र हे नियम पालिका पाहते. दोन मिळकतींमधील खासगी हक्क ठरवणे हे दिवाणी न्यायालयाचे काम. मंजूर नकाशा हाती असूनही उजेडाच्या हक्काचा भंग होऊ शकतो, आणि नकाशा नियमबाह्य असूनही शेजाऱ्याला तसा हक्क नसू शकतो. दोन वेगळ्या वाटा आहेत. गल्लीतील भांडणात त्या एकमेकींत मिसळतात आणि दोन्हीकडे अर्जांचे ढीग वाढतात.

ज्याचा उजेड अडणार आहे, त्याला भिंत पूर्ण होईपर्यंत थांबावे लागत नाही. बांधकामाने हक्काचा भंग होणारच असेल, तर धमकीच्या अवस्थेतच ३५ व्या कलमाखाली मनाई हुकूम मागता येतो. उशीर मात्र महागात पडतो. विटा रचल्या जात असताना पाहत राहणारा आणि स्लॅब पडल्यावर दावा लावणारा यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही. आणखी एक गोष्ट रागाच्या भरात विसरली जाते: अडथळा स्वतःच्या हाताने पाडण्याची मुभा ३६ वे कलम देत नाही. रात्री चार माणसे पाठवून विटा उतरवल्या, तर फिर्यादीचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

एक बाजू धाकट्याचीही आहे आणि ती मांडल्याशिवाय न्याय होणार नाही. २० वर्षांचे मौन हक्क निर्माण करते. त्यामुळे शेजाऱ्याने काढलेली नवी खिडकी प्रेमाने सहन करणाराच पुढे अडकतो. चांगुलपणाला दंड व्हावा, असा हा कायदा आहे. इंग्लंडने १९५९ मध्ये यावर उपाय काढला: प्रत्यक्ष पडदा न उभारता, केवळ सरकारी नोंदवहीत सूचना नोंदवून ‘कागदी भिंत’ उभी करायची. आपल्याकडे ती जागा साध्या लेखी कराराने भरून निघते. ‘ही खिडकी उभयतांच्या संमतीने असून पुढे बांधकाम करताना तिची अडचण मानली जाणार नाही’ असा कागद झाला, तर मायाही टिकते आणि भविष्यही मोकळे राहते. एकमेकांच्या घरात डोकावणाऱ्या खिडक्यांचा प्रश्न मात्र वेगळा. घरातील खासगीपणा जपण्याची स्थानिक रूढी गुजरातेत होती, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच ती मान्य केली. १८ व्या कलमाखालील उदाहरणही याच जातीचे आहे. गुजरातेतून आलेल्या घरांतील ज्येष्ठांना ती रूढी आठवत असेल. महाराष्ट्रातील प्रत्येक गावी ती सिद्ध होईलच असे नाही.

आपल्या घरांत उजेडाचे मोल कायद्याच्या ‘सुखसोयी’हून थोडे अधिक आहे, हे नाकारता येणार नाही. चौविहार घड्याळावर पाळला जातो हे खरे. पण दिवसाही अंधाऱ्या जागेत जेवू नये, ताटातील अन्न नीट दिसले पाहिजे, असे ज्येष्ठ सांगत आले. कोंदट, ओल धरणाऱ्या खोलीत धान्याला कीड लवकर लागते. पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या चातुर्मासात, ती अधिक. न्यायालयापुढे हे सारे ‘भरीव नुकसान’ म्हणून कितपत टिकेल, हे ज्या त्या दाव्याच्या पुराव्यावर अवलंबून राहील. दोन भावांच्या बैठकीत मात्र याला पुरावा लागत नाही. धाकट्याच्या घरातही तोच चौविहार असतो.

चित्रातील त्या घरापुरते बोलायचे, तर मार्ग असा निघू शकतो. काम खिडकीच्या तळाशी थांबवायचे. दोन्ही घरांना मान्य असलेल्या एका वडीलधाऱ्याने आणि एका वास्तुविशारदाने मिळून बसायचे; पुढ्यात नकाशाऐवजी घराचा उभा छेद ठेवायचा, कारण उजेड आडव्या नकाशात दिसतच नाही. कोठारावरील पहिला मजला खिडकीपासून आठ फूट मागे घेतला आणि दुसरा त्याहून आणखी आठ फूट मागे, दोन्ही मजल्यांची उंची दहा फूट धरली आणि वरच्या कठड्यांना भिंतीऐवजी लोखंडी गज लावले, तर डिसेंबरच्या दुपारचे ऊनही ओट्याच्या खिडकीपर्यंत पोहोचते. धाकट्याच्या खोल्या लहान होतात. त्याबदली थोरल्याने आपल्या बाजूच्या बोळातून वर जाणारा जिना काढू द्यायचा, म्हणजे आतली जिन्याची जागा खोल्यांना मिळते. खिडक्यांच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी काच, म्हणजे गच्चीवर वावरणाऱ्यांनाही संकोच नाही.

हे सारे तोंडी ठेवायचे नाही. वाटणीपत्रास पुरवणी दस्त करायचा. त्यात कोणत्या मजल्यावरील, कोणत्या दिशेच्या किती खिडक्या, त्यांची लांबी-रुंदी, तळाची उंची, समोर किती फुटांच्या आत काय बांधायचे नाही, जिन्याचा वापर कोणी कसा करायचा, हे लिहायचे. मोजमापाचा नकाशा आणि छायाचित्रे जोडायची, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्याची नोंदणी करायची. पुढे एखादा हिस्सा विकला गेला तरी खिडकीचा हक्क मिळकतीबरोबर जातो. घेणाऱ्यालाही तो दस्त वाचूनच घर घ्यावे लागेल.

आणि जे तीन फूट वीटकाम आधीच उठले आहे, ते पाडण्याची गरज नाही. तोच नव्या गच्चीचा कठडा होतो. लग्नाच्या आधी पापड वाळत घालायला दोन्ही घरांतील बायका तिथेच येतील.